बेदाण्याच्या शेडवरची खोली

४ नोव्हेंबर
आले एकदाची. साताऱ्यापासून तासगावपर्यंत एसटीत खिडकीची जागा मिळाली, म्हणजे सुरुवात तर चांगली झाली. नाथाजींचं बेदाण्याचं शेड गावाबाहेर आहे, चारी बाजूंनी द्राक्षबागा. बेदाण्याचा हंगाम उन्हाळ्यात, त्यामुळे खाली नुसते रिकामे रॅक आणि वर माझी ही खोली. खाट, टेबल, पंखा आणि पूर्वेला मोठी खिडकी. घरी समोरच मंगल कार्यालय. बँड थांबला की वरच्या मजल्यावर फरशी कापायचं मशीन सुरू. कादंबरी कधीची दुसऱ्या प्रकरणात अडकून पडलीय. शेवटी राजवर्धनच म्हणाला, स्वप्ना, तू जा, लेकीचं मी बघतो. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

संध्याकाळी नाथाजींच्या पत्नी विजयमालाताई भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आल्या. काय लिहिताय, त्यांनी विचारलं. आईवर, मी म्हटलं. त्यांनी भाकरीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाल्या, "लिवा की. पन घरच्या मानसांवर नगा लिवू, ताई." मला हसू आलं. मग लिहायचं तरी कुणावर?

६ नोव्हेंबर
इतकं लिहून होईल असं वाटलं नव्हतं. सकाळी बसते ती जेवणाची हाक आली की मगच मान वर होते. वडील फौजेत, घरी आई एकटी आणि आम्ही दोघी बहिणी. काम विसरू नये म्हणून आई पदराला गाठ मारायची. दळणाची एक, शाळेच्या फीची एक. काम झालं की गाठ सोडायची. वडिलांच्या पत्राची गाठ तेवढी महिनोन्महिने तशीच राहायची. आज हे सगळं उतरलं. लिहिताना रडले, आणि मग इतकं हलकं वाटलं!

खाली एक माणूस दिवसभर रॅकच्या फाटक्या जाळ्या शिवत बसलेला असतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी नमस्कार केला तर नुसतं बघितलं.

१० नोव्हेंबर
राजवर्धनचा फोन. आईंच्या पदराच्या गाठी घेतल्यास का पुस्तकात, त्याने विचारलं. कसल्या गाठी, मी म्हटलं. तो हसला, त्याला चेष्टा वाटली.

फोन ठेवून लिहिलेलं काढलं. गाठी आहेत, छान उतरल्यात. पण वाचताना दुसऱ्याच कुणाची तरी आई वाचतेय असं वाटलं. मोबाइलमधला फोटो बघितला. दारात उभी असलेली एक बाई, पदराच्या टोकाला गाठी. चेहरा ओळखीचा वाटेना.

दमले असेन. जागरण नाही, तरीही.

१२ नोव्हेंबर
विजयमालाताईंना आज मास्तरांबद्दल विचारलंच. ते जतचे. शाळेत रजा टाकून याच खोलीत लिहायला आले होते. झपाटल्यासारखं लिहिलं म्हणे. मग एक दिवस बायको भेटायला आली, तर त्यांनी तिला विचारलं, बाई, कुणाकडं आलाय? ती पुन्हा आली नाही. मास्तर इथंच राहिले.

"त्येंनी समदं लिवलं, ताई. मंग आत काय ऱ्हायलंच न्हाई."

मग खोली देता कशाला, मी विचारलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "आमच्या मालकास्नी पटत न्हाई ह्ये. आन मी सांगितलं व्हतं की तुमाला."

१३ नोव्हेंबर
राजवर्धनला सगळं सांगितलं. त्याला वाटतंय मी आजारी आहे. एकटी एसटीने निघू नकोस, रविवारी गाडी घेऊन येतो, लेकीलाही आणतो, म्हणाला. बोलताना आवाज ऐकत होते. चेहरा डोळ्यांसमोर येईना. लग्नाचं प्रकरण मी परवाच संपवलंय.

लेकीवर अजून एक ओळही नाही. लिहिणार नाही. इथंही नाही.

१५ नोव्हेंबर
कागद कपाटात कोंबले. पेन खिडकीतून फेकलं. थोड्या वेळाने मास्तर जिना चढून आले, पेन टेबलावर ठेवलं आणि गेले.

लिहिणं थांबवलं तरी काही परत येत नाही. आई नाही. बहिणीचं नाव नाही. दिवसभर लेकीला मनात घोकत बसते. आज सकाळी तिचं नाव — क्षणभरच — पण आठवलं नाही —

१६ नोव्हेंबर
एकदाच. हातातून जायच्या आधी.

अंकिता. सात वर्षांची. पुढचा दात पडलाय, त्यामुळे स म्हणताना शिट्टी वाजते. झोपताना माझ्या कानाची पाळी धरते. भाताचा शेवटचा घास माझ्या तोंडात —

लिहू नये. माहीत आहे. पण नाही लिहिलं तरी जाणारच असेल तर निदान कागदावर — किती सहज उतरतंय — किती सुंदर —

१७ नोव्हेंबर
गाडी आली. एक माणूस खाली नाथाजींशी बोलतोय. मधूनच डोळे पुसतो.

एक मुलगी वर येऊन खाटेवर बसलीय. पुढचा दात नाही. कालच्या पानावर आहे तशी. म्हणजे हीच.

आत काहीच हललं नाही.

ओळखल्यासारखं करायचं. यांच्याबरोबर जायचं आणि जन्मभर करत राहायचं. दुसरं काय उरलंय. तिचा काय दोष.

ये अंकिता, मी म्हटलं. ती जागची हलली नाही. तू मला असं कधी म्हणत नाहीस, म्हणाली. नेहमीचं म्हण ना.

लाडाचं नाव असणार काहीतरी — कालचं पान पुन्हा पुन्हा वाचतेय — ती वाट बघतेय — हसतेय अजून — वरपासून खालपर्यंत बघितलं — कुठंच लिहिलेलं —