शेवटी आलेल्याचं काम

९ नोव्हेंबर १८६७

पोचलो एकदाचा! ब्वेनोस आयरेस सोडल्यापासून सहा दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली. सातव्या दिवशी सपाट माळावर एक झाड, एक विहीर आणि मायल्सकाकांचं घर दिसलं. ऑनोराकाकू धावतच आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "अगदी गेराटींचंच नाक! देवाला दुसरं काही द्यायला सुचलं नाही का रे तुम्हाला?" मग रडली. मग मटण वाढलं. एवढं मटण मी घरी, वेस्टमीथमध्ये, उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिकडे मेंढरं जमीनदाराची, आपण नुसता वास घ्यायचा. इथे कुत्रीसुद्धा मटणाला नाक मुरडतात. ही वही मला बोटीवर एका खलाशानं दिली. त्याची गंमत नंतर लिहीन.

१६ नोव्हेंबर

खलाशाचं राहिलंच. आज काकांबद्दल लिहितो, नाहीतर तेही राहायचं.

माझ्या बापाचा हा थोरला भाऊ. बटाटे कुजून दुष्काळ पडला त्या साली निघाला. वाटेत बोटीवर ताप आला, चाळीसजण गेले. त्यांना समुद्रात सोडायला खलाशी तयार होईनात, म्हणून काकांनी एकेकाला कांबळ्यात शिवून सोडलं. इथे येऊन विहीर स्वतः खणली. पुढे पाद्री वर्षाच्या फेरीला आले तेव्हा घरामागचा तुकडा कबरस्थानासाठी मंत्रून घेतला, भोवती चर खणला, फाटक बसवलं. आपल्या माणसाला निदान माती मिळावी म्हणून. आणि त्यात पहिले आडवे झाले ते हेच! सहा वर्षं झाली, अजून एकटेच आहेत. इथे घरं तीन, त्यातलं एक रिकामं. शेजारचा ओवनीबाबा डुइग्नन म्हणतो, "इथली हवाच अशी पोरा, की मरायला परगावी जावं लागतं."

मला काम सोपं आहे. मेंढरं बघायची, आणि दिवस कलला की एक बादली पाणी कबरस्थानाच्या फाटकाशी ठेवायची. सकाळी ती रिकामी असते. मी म्हटलं, मेंढरं पीत असतील. काकू नुसती हसली.

३ डिसेंबर

ओवनीबाबाकडे माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, प्यायला गेलो होतो. एकच नळी, आळीपाळीनं ओढायची, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ मिळतो. बादलीचं विचारलं तर म्हणाला, "तुझ्या आईनं तुला काही शिकवलं की नुसताच वाढवला?"

ते मलाही ठाऊक होतं, पण मनावर कधी घेतलं नव्हतं. कबरस्थानात जो सगळ्यांत शेवटी येतो, त्यानं फाटकावर उभं राहायचं आणि तहानलेल्या जिवांना पाणी वाहायचं. पुढचं प्रेत आत आलं की तो सुटला. आमच्या गावात एकदा एकाच दिवशी दोन मयती निघाल्या होत्या. आपला माणूस आधी आत जावा म्हणून खांदेकरी पळत सुटले, फाटकाशी गुद्दागुद्दी झाली, एक पेटी चिखलात पडली. मी लहान होतो, पोट धरून हसलो होतो.

पण तिकडे पंधरवड्याला कुणीतरी जातंच. इथे काका सहा वर्षं उभे आहेत.

मी म्हटलं, एकट्यानं पाणी कुणाला वाहायचं? ओवनीबाबा बाजूला थुंकला. "बोटीवरून सोडलेले, रस्त्याकडेला उपाशी मेलेले. त्यांना स्वतःचं फाटक कुठंय? आपल्या लोकांचं पहिलं फाटक दिसेल तिथे येतात बिचारे."

मी हसलो. तो हसला नाही.

८ जानेवारी १८६८

पाऊस नाही. विहिरीचा तळ दिसतोय. काकूनं अंथरूण धरलंय.

आज जवळ बसवून तिनं खरं सांगितलं. पत्रात जमीन देते म्हणाली होती, पण मला जमिनीसाठी बोलावलंच नव्हतं. ती म्हणाली, "मी गेले की मायल्स सुटेल. त्याचं काही नाही रे. पण माझे गुडघे बघ. मला नाही सहा वर्षं उभं राहवायचं. तू इथेच राहा. लग्न कर, घरं वाढव, माणसं येऊ देत. माणसं आली की मरणंही येतील, मग मी सुटेन. नुसती उभी ठेवून जाऊ नकोस मला."

शब्द दिला. मरणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? पण माझ्या पायाला भिंगरी आहे. सहा महिने मी कुठे टिकलेलो नाही.

१९ जानेवारी

काकूला काल पुरलं. मी आणि ओवनीबाबा, दोघांनीच.

सकाळी विहिरीपासून फाटकापर्यंत धुळीत पावलं उमटलेली. अनवाणी. डावा पाय ओढत गेलेला. काकू चालायची तसाच.

४ फेब्रुवारी

ओवनीबाबाची लेक त्याला शहरात घेऊन गेली. गाडीत बसताना म्हातारा खुशीत होता. "तिथे दर आठवड्याला एक जातो. आठ दिवस वाहीन पाणी नि मोकळा!" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरा, आता ऑनोराला सोडवणारा तू एकटाच उरलास रे."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

११ फेब्रुवारी

भर दुपारी रहाट आपोआप फिरला. दोर खाली गेला. वर आला.

मग ती दिसली. पाठमोरी. दहा पावलं चालली, बादली टेकवली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पुन्हा उचलली. मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. रागानं नव्हे. तिला वेळच नव्हता.

१२ फेब्रुवारी

आज बाविसाव्या खेपेनंतर मी मोजणं सोडलं.

राहिलो तर हे रोज बघायचं. निघालो तर ती कायमची अशीच. आणि तिला सोडवायचं म्हणजे मी मरायचं. मी तेवीस वर्षांचा आहे.

१५ फेब्रुवारी

सुचलं! घोड्याला पाणी दाखवताना सुचलं.

मी घर सोडलं त्याच्या आदल्या दिवशी घरच्यांनी मला रडून घेतलं होतं. आमच्याकडे रीतच आहे, परदेशी जाणारा परत येत नाही, म्हणून मेलेल्याला रडतात तसं त्याला रडायचं. आई छाती पिटत होती, बायका सुरात माझे गुण गात होत्या (होते कुठले, पण गात होत्या), आणि मी कोपऱ्यात बसून चिलीम ओढत होतो. म्हणजे माझं रडणं झालेलंच आहे. फक्त पुरणं राहिलंय. ते करून टाकायचं. पेटीत माझा सदरा, माझे केस, वजनाला विटा. वर माझ्या नावाचा क्रूस. काकू सुटेल, मीही सुटेन.

१६ फेब्रुवारी

पुरली. प्रार्थना आठवली तेवढी म्हटली. क्रूसावर 'क्रिस्टी गेराटी' कोरलं. अक्षर वाकडं आलं.

रहाट दिवसभर हलला नाही. काकू गेली! उद्या पहाटे निघतो. दक्षिणेला, जिथवर वाट जाईल तिथवर.

१७ फेब्रुवारी

सूर्य डावीकडे ठेवून निघालो. दुपारी झाड दिसलं, विहीर दिसली. हेच घर.

वाट चुकलो असेन.

१८ फेब्रुवारी

पुन्हा तेच. फाटकाशी येऊन थांबलो. घोड्यावरून उतरलो, तर घोडा असा निघून गेला की जणू त्याच्या पाठीवर कुणी नव्हतंच.

२० फेब्रुवारी

चार दिवस काही खाल्लं नाही. भूक नाही. कुत्री माझ्या अंगावरून— अंगातून—

हाताला बादलीच्या कडीचे वळ आहेत. बादली मी उचललेली आठवत नाही.

२१ फेब्रुवारी

आले.

माळावरून, उन्हात. कांबळी अंगाला शिवलेली, त्यांतून समुद्राचं पाणी गळतंय आणि तरी ओठ फुटलेले. ओंजळी पुढे. ओळीचं टोक दिसत नाही. काकू चाळीस म्हणाली होती. चाळीस नाहीत हे—

तारीख नाही

वाहतोय. एक म्हातारी प्यायली, ओळीच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिली. विहीर आटतेय. ओळ आटत नाही.

मी मेलेलो नाही. हे लिहितोय. मेलेला लिहितो का?

पुढचा कुणी आत आला की मी सुटेन. कुणीही. एकच.

—

एकजण येतोय. पायी, पाठीला बोचकं. विशीतला. गाणं गुणगुणतोय, आपल्याकडचं. हाक मारली, त्याला ऐकू गेलं नाही. घराचं दार वाजवून आला, बिचकला, हसला, स्वतःशीच म्हणाला, "कुणी आहे का हो? का सगळे जत्रेला गेले?"

चांगला आहे पोरगा. जा म्हणतोय मी त्याला. जा. ओरडून सांगतोय.

ओठ सुकलेत त्याचे. विहिरीवर गेला. दोर पुरत नाही म्हणून काठावर पोट टेकून वाकलाय, पाय जमिनीवरून सुटलेत.

ओळ थांबली. पहिल्यांदाच कुणी पाणी मागत नाही. सगळे माझ्याकडे बघताहेत.

मी फक्त त्याला धरायला जातोय. वही खाली ठेव—