पानातली मिठाची जागा

४ जुलै १९९४, सोमवार
डॉक्टरांनी आज यांना चांगलंच झापलं! ब्लडप्रेशर भलतंच चढलंय. मीठ निम्म्यावर, तेलही. महिन्याने पुन्हा बघू म्हणाले. थोरले दीर पुण्यात अंथरुणाला खिळलेत, अर्धं अंग लुळं. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. मला फार भीती वाटतेय.

५ जुलै
निम्मं मीठ घालायचं ठरवलं आणि आमटी नेहमीच्याच चवीची! आमच्याकडे नैवेद्याआधी काही चाखायचं नाही, सासूबाईंपासूनचा नियम. त्यामुळे सगळा हाताचा अंदाज. डोकं म्हणतं निम्मं, हात ऐकेल तर शपथ.

७ जुलै
मिठाच्या बरणीत आमच्या लेकीचा, प्रांजलीचा, लहानपणचा औषधाचा चमचा टाकला. बोटं आत घालायचीच नाहीत. आमटी अळणी झाली. यांनी पानात डावीकडे वाढलेलं मीठ गुपचूप भातात कालवलं, वर म्हणतात, "आज बरी झालीय." होणारच!

८ जुलै
पानात मीठच वाढलं नाही.
"श्राद्धाचं पान वाढलंयस का? मी जिवंत आहे अजून!"
ताट सरकवून उठले, न जेवता कारखान्यात गेले. मी ओट्यापाशी रडले. मग चिडले. जिवंत राहावेत म्हणूनच चाललंय ना हे सगळं?

११ जुलै
शेजारच्या कानडी कमलाअक्कांपाशी मन मोकळं केलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "उप्पु कोनेगे हाकि, अक्का!" म्हणजे मीठ शेवटी घाला. शिजताना घातलेलं आत मुरतं आणि आपण आणखी घालत राहतो. वरून घातलेलं जिभेला आधी लागतं, थोडक्यात भागतं.

लगेच करून पाहिलं. इथल्या मल्लेश्वरमच्या बाजारातले कोवळे बीन्स बारीक चिरले. फोडणी कढईत नाही, पळीत — चमचाभर तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता. कढईवर ताटली, ताटलीत पाणी. ते पाणी तापलं की लागेल तसं भाजीत ओतायचं. तेल लागत नाही, भाजी खाली लागत नाही, रंगही हिरवागार राहतो. आई असंच करायची, मी कधी सोडलं कोण जाणे! गॅस बंद केल्यावर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मग नैवेद्य.

"काय घातलंयस आज?"
काय घातलं नाही, ते सांगितलं नाही.

१२ जुलै
पुन्हा भाजी मागितली!!

२० जुलै
मिठाच्या जागी आता लिंबाची फोड. सुरुवातीला तिच्याकडे रागाने बघायचे. आज न बोलता पिळली. डाळ पातळ, कोशिंबीर दह्यातली, पापड गॅसच्या जाळीवर भाजायचा, तळायचा नाही. जमतंय की!

मी नेहमीसारखी मागून जेवले. त्या भाजीवर मीठ भुरभुरलं, लोणचं घेतलं, दोन सांडग्या मिरच्या तळल्या. दिवसभर त्या अळणी स्वयंपाकात राहायचं, निदान आपलं पान तरी चवीचं हवं. मला थोडंच काही झालंय?

४ ऑगस्ट
उतरलं! डॉक्टर म्हणाले, "व्हेरी गुड, मिसेसना क्रेडिट." मला तिथेच रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात यांचं मध्येच, "हिचंही बघा जरा, सकाळी भिंत धरून उठते." नको नको म्हणत होते, तरी पट्टा बांधलाच. डॉक्टरांनी पुन्हा फुगवून पाहिला. माझं यांच्याहून जास्त!

"घरात वेगळं जेवता का?" त्यांनी विचारलं. मी पदराशी चाळा करत बसले. हे माझ्याकडे बघत होते.

५ ऑगस्ट
लोणच्याची बरणी माळ्यावर गेलीय. पानं आज यांनी घेतली. दोन, शेजारीशेजारी.
"तुम्ही बसा, मी मागून—"
"मागून नाही. आता."
माझ्या पानात डावीकडे लिंबाची फोड होती. वेडीवाकडी चिरलेली, बियांसकट.