खालच्या सुरातली गाणी

लातूर,
रविवार, ९ जुलै २०१७

ती. आलोकदादास,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून आधी हसशील, मग आईला दाखवशील. हसून घे. इथे पहिल्याच दिवशी रेक्टरबाईंनी मोबाईल काढून घेतले आणि कपाटाला कुलूप लावलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरच्यांची भेट, एरवी फक्त पत्र. माझ्या खोलीतल्या मुलीला पाकिटावर पत्ता कुठे लिहितात ते मी दाखवलं.

आई-बाबांना सांग, वरण पातळ आहे पण पोट भरतं. दर रविवारी टेस्ट होते आणि मार्कांप्रमाणे बाक बदलतात. मी सध्या दुसऱ्या बाकावर आहे.

आता खरी बातमी. पहिल्या दिवशी वर्गात मागे वळून पाहिलं तर तुमच्या 'भुयार' बँडचा गायक अनिमेष. केस बारीक कापलेले, मी आधी ओळखलंच नाही. नीटच्या परीक्षेला पुन्हा बसवायला त्याच्या बाबांनी इथे आणून घातलाय. न सांगता गेला म्हणून तू चिडला होतास, पण त्यालाही आदल्या दिवशीच कळलं म्हणे. मुलामुलींनी बोलायचं नाही असा इथला नियम. तरी जिन्यात त्यानं एवढंच विचारलं, की माझ्या जागी आता कोण गातंय. मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

तुमचं ते डूम मेटल मला कधी कळलं नाही. चिखलात रुतलेली वरात, आणि बँडवाल्यांना सुतक. पण त्याचा आवाज गेल्यावर तुमच्याकडे उरलं काय, ते कळव.

ठेचा पाठव. तुझी माया आहेच, ती ठेच्याबरोबर आली तर लवकर पोचेल.

तुझी,
वैष्णवी


नांदेड,
१८ जुलै २०१७

चि. वैष्णवी हिस,
आलोकचे अ. उ. आ.

ठेचा आई पाठवतेय. आता उरलं काय ते ऐक.

आम्हाला गायक मिळाला. व्यंकटी नाव. कंधार डेपोत कंडक्टर आहे. आपला ढोलवाला मन्मथ त्याच्या बसमध्ये बसला होता आणि त्याचं थांबे पुकारणं ऐकून उतरलाच नाही, शेवटपर्यंत गेला. मूळचा निलंग्याकडचा. भूकंपात त्यांचं गाव बसलं, हा नंतर पुनर्वसनातल्या पत्र्याच्या घरात जन्मला. भजनात गायचा. आमचं संगीत त्यानं आधी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी ऐकून म्हणाला, लई हळू हाय, पण खोटं न्हाई.

अनिमेष वर जायचा. त्याची किंचाळी गोदामाच्या पत्र्याला लागायची आणि मी गिटार घेऊन तिच्यामागे धावायचो. व्यंकटी वर जातच नाही. खालीच उभा राहतो, छातीतून. म्हणून मी तारा दोन सूर सैल केल्या, मन्मथनं ठोके निम्मे केले. चार मिनिटांचं गाणं आता अकरा मिनिटं चालतं. मन्मथच्या काकांच्या गोदामातली सरकीची पोती आवाज पितात, तरी परवा शेजारचे अडते बाहेर आले आणि जमीन हलली का म्हणून विचारायला लागले. आपल्याकडच्या माणसांना तेच आधी आठवतं.

अडचण एकच. शब्द सगळे अनिमेष लिहायचा. आमच्यापैकी कुणाला दोन ओळी जमत नाहीत. त्याच्यावर माझा राग नाही, असं त्याला सांग. काही लिहिलं असेल तर तुझ्या पत्रातून पाठव म्हणावं.

अभ्यास कर, आणि भावाला विसरू नकोस, बाक कितवा का असेना.

तुझा,
दादा


लातूर,
रविवार, ३० जुलै २०१७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत राखी आहे. बांधायला कुणी नाही म्हणून मन्मथकडून बांधून घेऊ नकोस, आईकडून घे.

तुझा निरोप अनिमेषला सांगितला. दोन दिवसांनी माझ्या झूलॉजीच्या वहीत चिठ्ठी निघाली. जशीच्या तशी उतरवते:

छत रोज बोटभर खाली येतं.
मी रोज बोटभर लहान होतो.
कुणाला फरक दिसत नाही.

तुम्हाला चालेल असं वाटतं. तो चौथ्या बाकावरून नवव्यावर गेलाय. परवा सरांनी त्याला वहीच्या मागच्या पानावर लिहिताना धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ज्यांना गाणी सुचतात त्यांनी बापाचा पैसा घेऊन घरी जावं. वर्ग हसला. अनिमेषही हसला, पण सगळे थांबल्यावर.

मी तिसऱ्या बाकावर आले. बाबांना सांगू नकोस.

ओवाळणी उधार ठेवते, आठवण मात्र रोख हवी.

वैष्णवी


नांदेड,
१६ ऑगस्ट २०१७

चि. वैष्णवीस,
अ. उ. आ.

राखी अजून हातावर आहे.

त्या तीन ओळींनी आमचा बँड बदलला. काल एका कॉलेजच्या कार्यक्रमात आम्ही ते गाणं वाजवलं. तीन ओळी, चौदा मिनिटं. व्यंकटी प्रत्येक शब्द असा उचलत होता जसा दगड बाजूला करावा. पूर्वी अनिमेष गायचा तेव्हा पोरं नाचायची, ओरडायची. काल कुणी हललं नाही. समोरचा एक मुलगा खाली बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. गाणं संपलं तरी टाळी नाही. मन्मथ घाबरला, मी मात्र खूश. आम्हाला हवा होता तो आवाज हाच, तो आम्हाला अनिमेष गेल्यावर सापडला, हे त्याला सांगू नकोस.

व्यंकटीचं एक विचित्र आहे. कार्यक्रमानंतर तो विचारत बसला, की हे लिहिणारा कोण, वय किती, राहतो कुठं, जेवतो का. म्हणाला, गाताना खालून खरंच कुणी बोलतंय असं वाटतं. मी त्याला समजावलं, की या संगीतात असंच असतं, हीच त्यातली गंमत.

अनिमेषला म्हणावं, आणखी पाठव. असंच अंधारं पाठव.

इकडे सगळे तुझ्या मार्कांपेक्षा तुझी वाट बघतात, हे लक्षात असू दे.

तुझा,
दादा


लातूर,
रविवार, १० सप्टेंबर २०१७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. टेस्टमागून टेस्ट आहेत.

तुझा निरोप त्याला सांगितला होता. अंधारं पाठव म्हटल्यावर तो मान हलवून म्हणाला, ते भरपूर आहे.

तो आता शेवटच्या बाकावर असतो. पण बऱ्याच दिवसांनी काल शांत दिसला, चेहरा धुतल्यासारखा. आपल्या खोलीतल्या मुलाला त्यानं मनगटावरचं घड्याळ देऊन टाकलं. मला बायोलॉजीच्या सगळ्या नोट्स दिल्या, पुठ्ठे घालून, नावाचं लेबल काढून. मी म्हटलं, तुला लागतील. तर म्हणाला, आता नाही लागणार. त्याचे बाबा त्याला घरी नेणार असतील, म्हणून मला बरं वाटलं. तुमचा नवा गायक चांगला असणार, असंही म्हणाला.

नोट्समध्ये ही चिठ्ठी होती:

वर पायांचे आवाज होते, ते गेले.
हाक मारायचो, तीही सोडली.
आता माती बरी वाटते.

दादा, मला ही आवडली नाही. गाणं म्हणून चांगली असेल. तीनदा वाचली आणि वही मिटून ठेवली. तू बघ.

आईला नमस्कार. तू लिहीत जा, छोटं का होईना.

वैष्णवी


नांदेड,
१८ सप्टेंबर २०१७

चि. वैष्णवीस,
अ. उ. आ.

तुला वर्गात उडत उडत काही कळलं असेल. आम्ही तुझ्या हॉस्टेलवरही आलो होतो, पण तुझ्या रेक्टरबाईंनी भेटीचा दिवस नाही म्हणून दारातून परत पाठवलं. म्हणून सगळं लिहितो.

तुझं पत्र बुधवारी सकाळी आलं. व्यंकटीची सुट्टी होती, आम्ही गोदामात जमलो होतो. मी चाल लावायला घेतली. खरं सांगतो, मला ती चिठ्ठी फार आवडली होती. व्यंकटीनं ती दोनदा वाचली, खाली ठेवली आणि म्हणाला, मी हे गाणार न्हाई. मी वाद घातला. तेव्हा त्यानं त्याच्या वडिलांचं, किशनरावांचं सांगितलं. भूकंपाच्या दिवशी ते हातांनी माती उपसत होते. कुठं कुठं खालून आवाज यायचा. माणसं गोळा व्हायची, कान लावायची, हा कुणाचा आवाज, बाईचा का बाप्याचा, म्हणून बोलत राहायची. किशनरावांनी पोराला एवढंच शिकवलं, की खालून आवाज आला तर ऐकत बसायचं नसतं, उकरायचं असतं. मग मला म्हणाला, दीड महिना झाला, तुमी ऐकून राहिले.

मी अनिमेषच्या हॉस्टेलला फोन लावला. व्यवस्थापक सिद्रामप्पा म्हणाले, मुलगा अभ्यासिकेत आहे, काळजी करू नका. व्यंकटीनं फोन माझ्या हातून घेऊन बंद केला. पाऊण तासात आम्ही लातूरच्या बसमध्ये होतो. अहमदपूर येईपर्यंत मला एकच वाक्य आठवत होतं, माझंच, असंच अंधारं पाठव.

चार वाजता पोचलो. मुलं क्लासला गेलेली. अभ्यासिकेत अनिमेष नव्हता. सिद्रामप्पा वर जाऊ देईनात, रजिस्टर दाखवायला लागले. व्यंकटीनं त्यांच्याशी वाद घातला नाही. अंगणात मधोमध उभा राहिला आणि त्यानं अनिमेषला नावानं हाक मारली. वैष्णवी, मी त्याच्याबरोबर इतकं वाजवलं, पण तो आवाज पहिल्यांदा ऐकला. तीन मजल्यांच्या काचा वाजल्या. स्वयंपाकाच्या बायका बाहेर आल्या. तो हाक मारत राहिला, थांबा पुकारल्यासारखी, न चिडता. सिद्रामप्पांनी स्वतःच किल्ल्या काढल्या.

तिसऱ्या मजल्यावरची खोली आतून बंद होती. अनिमेषनं दार उघडलं ते किल्ली लावायच्या आधी. गादी गुंडाळलेली, टेबल रिकामं, अंगावर धुतलेला सदरा. दोन दिवस जेवला नव्हता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काय करणार होता ते त्यानं नंतर डॉक्टरांना सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. दारात तो माझ्याकडे बघत नव्हता. व्यंकटीकडे बोट करून विचारलं, की माझ्या जागेवरचा तो हाच का. व्यंकटी म्हणाला, जागा तुझीच हाय, मी उभ्यानं चाललोय. आणि त्याला धरून खाली बसला. मग अनिमेष रडला. बराच वेळ.

त्याचे बाबा रात्रीच आले. आधी सिद्रामप्पांवर ओरडले, मग माझ्यावर, मग जिन्यात बसून राहिले. आता अनिमेष घरी आहे, इथल्या डॉक्टरांकडे औषध चालू आहे. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, एकटं सोडू नका. आम्ही पाळीनं जातो. काल गोदामात आला होता. गायला नाही. व्यंकटी भजनातली एक साधी चाल गुणगुणत होता, मी तारा जुळवत होतो. त्या पुन्हा कुठवर ताणायच्या, मला कळेना. अनिमेष म्हणाला, अजून थोड्या सैलच राहू दे.

तुझा,
दादा


लातूर,
रविवार, २४ सप्टेंबर २०१७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्याच्या चिठ्ठ्या मीच पाकिटात घालत होते, पुठ्ठे बघून मला बरंही वाटलं होतं. हे माझ्या मनातून जात नाही.

वर्गात त्याच्या बाकावर दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा बसला. सरांनी पुढचा धडा सुरू केला. नोट्स मी परत पाठवतेय, त्याच्या नावाचं लेबल पुन्हा चिकटवून.

इथपर्यंत लिहिलं, आणि पुढे मी मजेत आहे असं लिहून खोडलं. मी अकराव्या बाकावर आहे. मागच्या महिन्यापासून वाचलेलं डोक्यातून पुसून जातं. घरी कुणाला सांगितलेलं नाही. याला तू नुसती बातमी समजू नकोस, हाक समज.

पुढचा रविवार भेटीचा आहे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आई-बाबा येतीलच, पण तू पहिल्या बसनं ये. उत्तर लिहीत बसू नकोस.

तुझी,
वैष्णवी