शिपायाची आखूड बाही

४ मार्च
ताई गादी पाठवणार नाही म्हणे! फोनवर — "आधी त्या नाटकाच्या वर्गात टिकून दाखव. दर वेळी गादी आधी परत येते, मागून तू." खरंच आहे म्हणा! चटईवर झोपतेय. पाठ धरलीय, पण मजेत आहे.

५ मार्च
नाटकाच्या वर्गासोबत संग्रहालयात. जुन्या हातबाहुल्यांची मापं घेऊन तशाच शिवायच्या. मला आणि वर्गातल्या चष्मिशला एकच आली — मिशाळ शिपाई, लाल कोट. हातमोजे घालून धरायची, आत हात घालायचा नाही.

मी बटणांतच अडकले. एकासारखं दुसरं नाही! मागून बाई — "बटणं पुरे. या वेळी काम अर्धवट टाकलंस तर प्रयोगात नाहीस."

६ मार्च
शिपायाची उजवी बाही आखूड नि ढगळ, डावी लांब नि चिंचोळी. मी तश्शाच बेतल्या. चष्मिश ओरडला, "संग्रहालयाचं कार्ड वाच की! 'शिवणीत चूक' लिहिलंय. मी सारख्या करतोय."
वाचणार होते रे. बटणं बघत होते.

९ मार्च
पुरा झाला! मी चक्क काहीतरी पुरं केलं!

हातात घातला तर शिपायानं मान टाकली. माझा अंगठा लांब बाहीत गायब. "साहेब पिऊन आलेत वाटतं," चष्मिश. सगळा वर्ग हसला, मीही. मग नळावर जाऊन तोंड धुतलं — उगाच नाही.

बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या बघू."

१० मार्च
बटण घट्ट करताना सुई उजव्या हाताच्या बोटात घुसली. मी डावखुरी, टोचतं नेहमी उजव्यालाच. कोटाला रक्त नको म्हणून शिपाई डाव्या हातात चढवला. वर्गात बाहुली उजव्याच हातात धरायची, पहिल्या दिवसापासूनचा नियम. म्हणून सुचलंच नव्हतं!

आणि तो ताठ! आखूड बाहीत अंगठा चपखल, लांब बाहीत मधलं बोट. सलाम ठोकला पठ्ठ्यानं!

"अरे, चूक कसली? खेळवणारा डावखुरा होता!" मी किंचाळलेच. चष्मिशचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

बाईंनी शिपाई उलटसुलट पाहिला. "कार्ड बदलायला सांगते," म्हणाल्या. मग, "प्रयोगात हा तूच खेळव. दुसऱ्या कुणाच्या हातात बसायचा नाही."

११ मार्च
ताईला कळवलं — गादी पाठव. उशीपण.