सात चुलींची राख

कैरो,
१२ ऑक्टोबर १९७२

ती. कनावी खूयास,
धाकट्या बहिणीचा, अतियातचा, सलाम. वि. वि.

पुस्तक आलं! खोकं आलं तेव्हा मी वर्गात होते. शिपायाने दारातून खूण केली आणि मी पोरांना तसंच सोडून खाली पळाले. एक प्रत तुझी, एक अबूयांची. अबूयांना वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण बापाच्या हातात लेकीचं पुस्तक असायला हवं की नको? फोटो तरी पाहतील. कोम अल-सिद्रच्या सातही चुली त्यात आहेत, गेल्या वर्षी तूच ब्रशने झाडून साफ केलेल्या.

तुला सोपं करून सांगते, नाहीतर म्हणशील बाई मोठी झाली, आता आमच्याशी कशाला बोलेल. राजांची थडगी बांधणाऱ्या मजुरांची ती वस्ती. घरोघरी चूल नाही. अंगणात एका रांगेत सात चुली आणि गुडघाभर राख. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी ती माणसं एकत्र भाजत होती, एकत्र खात होती, आणि त्यांच्यात कुणी मालक नव्हता. वर राजा असेल, पण खाली बरोबरी होती. माझा सगळा सिद्धांत या राखेवर उभा आहे. इथले जुने प्राध्यापक आजवर मला खोदणाऱ्याची पोर म्हणून ओळखायचे. आता बसायला खुर्ची देतात.

एक प्रकरण तुम्हा लोकांवर आहे. हाताला जे कळतं ते तोंडाला सांगता येत नाही, मजुराचं ज्ञान मुकं असतं, असं मी मांडलंय. सगळ्यांत जास्त कौतुक त्याचंच होतंय. तुझीही मान ताठ होईल.

अबूया काय म्हणाले ते लगेच कळव. उम्मीला सांग, इथे शम्सी भाकरी मिळत नाही, कुणी येणार असेल तर पाठव. सगळ्यांची माया आहे तशी राहू दे.

तुझी,
अतियात


किफ्त,
५ नोव्हेंबर १९७२

चि. अतियातीस,
अ. उ. आ.

पुस्तक पोचलं. शेजारचा माणूस शनिवारच्या गाडीने निघालाय, त्याच्याबरोबर भाकऱ्या पाठवल्यात. कडक झाल्या तर पाण्याचा हात लाव.

अबूया ते पुस्तक घेऊन तीन दिवस कॉफीखान्यात बसले. चौथ्या दिवशी शाळेतल्या मास्तरांना म्हणाले, यात माझं नाव कुठे आहे ते वाचून दाखवा. एवढी वर्षं रईस म्हणून तुमच्या खोदाया चालवल्या, साठ माणसं हाताखाली नाचवली, तर नाव असेलच अशी त्यांची समजूत. मास्तर संध्याकाळपर्यंत शोधत होते. शेवटी एक वृद्ध मजूर सापडला, जो मातीचा रंग बघून थर ओळखतो. मास्तर म्हणाले, हा तूच. अबूया म्हणाले, वृद्ध तर मी आहेच. आणि उठून घरी आले.

आता माझ्या ताठ मानेबद्दल. मुकं ज्ञान म्हणतेस? मी तिथेच उभा होतो, बाई. सातवी चूल उघडली तेव्हा अबूया खड्ड्यात उतरले, चुलीच्या भिंतीत लावलेल्या खापऱ्या चाचपल्या आणि तुला म्हणाले की ह्या चुली तुझ्या आजीच्या आहेत. जुन्या साहेबाच्या खोदाईत दोनशे माणसांच्या भाकऱ्या इथे व्हायच्या, मी दहा वर्षांचा होतो, आणि ह्या खापऱ्या ढिगाऱ्यातून वेचून मीच आईला आणून दिल्या. इतकं स्वच्छ बोलले. तुझे दोन परदेशी पाहुणे काठावर उभे होते. तू हसलीस आणि म्हणालीस, अबूया, तुम्ही टोपल्या बघा, विचार करायला मी आहे. पाहुणेही हसले. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ते तुझ्याशी फक्त टोपल्यांबद्दल बोलले. तुझ्या लक्षात तरी आलं का?

शिवाय राखेतून एक चहाची पत्र्याची डबीही निघाली होती. उंदराच्या बिळातून खाली आली असेल म्हणून तू ती फेकायला लावलीस. मीच फेकली.

मी भांडायला लिहीत नाही. अबूयांनी मलाच दटावलंय की पोर शिकलेली आहे, तिला कळतं, आपणच लहानपणीचं काहीतरी धरून बसलो असू. पण जेवताना मधेच थांबतात आणि कुठेतरी बघत राहतात. ते मला बघवत नाही.

तब्येतीला जप. आमच्यावर राग धरू नकोस.

तुझा,
कनावी


कैरो,
२० नोव्हेंबर १९७२

ती. कनावी खूयास,
सलाम. वि. वि.

भाकऱ्या पोचल्या, छान झाल्या होत्या. पत्राने मात्र तोंड कडू केलंस.

दहा वर्षांच्या मुलाची आठवण काय धरून बसायची? किफ्तच्या प्रत्येक घरात कुणाची तरी आजी कुठल्या तरी टेकाडावर भाकऱ्या भाजत होती. माणूस जिथे घाम गाळतो ती जागा त्याला आपल्या घराण्याची वाटू लागते, यावर मी दोन तास शिकवते. चुलींतल्या खापऱ्या चार हजार वर्षांच्या आहेत, मी एकेक तपासली आहे. तू म्हणशील खापरी जुनी असली तरी चूल नवी असू शकते. असू शकते. पण राखेचा नमुना परदेशी पाठवायला परवानगी मिळाली नाही, हा माझा दोष का?

पाहुण्यांसमोर बोलले ते चुकलं, कबूल. पण तूही जरा माझ्या जागी उभा राहून बघ. सगळ्या खात्यात मी एकटी बाई, त्यात खोदणाऱ्यांच्या किफ्तची, त्यात रईसची मुलगी. मोठ्या मुश्किलीने मिळालेली पहिली खोदाई. आणि बापाने त्या लोकांसमोर खड्ड्यातून म्हणावं की ही तर तुझ्या आजीची चूल! दुसऱ्या दिवशी सामान बांधायला लागलं असतं. मी घाबरले होते, खूया. घाबरले की मी हसते, तुला माहीत आहे.

दुसऱ्या आवृत्तीत अबूयांचं नाव घालते. शब्द देते. तोवर त्यांच्यापुढे हा विषय काढू नकोस. लोभ असू दे.

तुझी,
अतियात


कैरो,
३ फेब्रुवारी १९८६

ती. कनावी खूयास,
सलाम. वि. वि.

उम्मी गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवशी भेटलो, त्यानंतर माझं पत्र नाही. तीन वर्षं होतील. काय तोंडाने लिहू? पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी नाव राहिलं. कधी घाई होती, कधी प्रकाशक बदल करू देईना. तुला हे पटणार नाही. मलाही पटत नाही.

आज गरजेपोटी लिहितेय. इथे कैरोतच राखेचं वय सांगणारी प्रयोगशाळा आहे. माझी विद्यार्थिनी नश्वा हिने भांडारातल्या डब्यातली चुलींची राख मला न विचारता तिथे दिली. गुणी पोरगी. बाईंचा सिद्धांत पक्का करून बाईंना खूश करावं एवढाच तिचा हेतू. उत्तर आलंय, की राख फार तर शंभर वर्षांची.

पाच देशांत मी त्या सामाईक चुलींवर भाषणं दिली आहेत. तीनच महिन्यांत विभागप्रमुखाची निवड आहे, आणि नश्वा म्हणते बाई, आपणच आधी छापू या. तिला गप्प करणं मला जमणार नाही, जमू नये असंही वाटतं. छापावं तर लागेल. पण चूक कशी झाली ते सांगावं लागेल.

एवढंच लिहून सही करून दे, की चुलींवरची जमीन अखंड होती, वरून कुणी खणल्याची खूण नव्हती आणि खोदताना कुणालाही शंका आली नाही. तू त्या खड्ड्याचा मुकादम होतास, तुझा शब्द चालेल. अबूयांना यातलं काही कळू देऊ नकोस. एवढी एक गोष्ट कर, पुन्हा काही मागणार नाही.

तुझी,
अतियात


किफ्त,
१८ फेब्रुवारी १९८६

चि. अतियातीस,
अ. उ. आ.

मी सही करणार नाही.

जमीन फुटलेली होती. ती फुटलेली आहे हे मी तुला दाखवलं होतं. शंका कुणाला आली आणि त्याचं काय झालं, ते मी चौदा वर्षांपूर्वी लिहिलंय. पत्र जपून ठेवलं असशील तर काढून वाच.

तुमच्याकडे पदव्या असतात. किफ्तच्या माणसाकडे नाव असतं. अबूयांच्या, तोहामी रईसच्या, खोदाईत थर मिसळत नाहीत, या एका ख्यातीवर आपण जेवलो, तू शिकलीस. माझ्या शाझलीला लक्सरच्या मोहिमेवर येत्या हंगामात रईस करणार आहेत. अठ्ठावीस वर्षांचा आहे, हाताखाली त्याच्या दुप्पट वयाची माणसं. साहेबांनी त्याच्याकडे बघून ठरवलं नाही, तोहामीचा नातू आहे म्हणून ठरवलं. तू त्या नावाला हात लावशील तर सांभाळून.

आणि एवढं घाबरायला काय झालं? चार ओळी लिही. चुली आपल्या आईच्या आहेत असं रईस तोहामींनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. संपलं! खुर्ची कदाचित जाईल. पण आपलं म्हणणं खरं ठरल्याचं त्या म्हाताऱ्याला जिवंतपणी ऐकायला मिळेल. त्यांना आता एकाच डोळ्याने दिसतं, तेही धुरकट. आल्यागेल्याला विचारतात, डॉक्टरीणबाईंचं काही नवीन छापून आलं का.

तू वाईट नाहीस, अतियात. भित्री आहेस. या एका वेळेला नको होऊस. मी वाट बघतो.

तुझा,
कनावी


कैरो,
२७ मे १९८६

ती. कनावी खूयास,
सलाम. वि. वि.

लेख छापून आला. अंक सोबत पाठवतेय. अबूयांचं नाव आलंय, संपूर्ण, तोहामी अब्दुल-जलील असं.

शब्द सगळे माझे नाहीत. संपादक म्हणाले, चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे नेमकं आलं पाहिजे. निवड समितीतल्या एकाने मसुदा आधीच पाहिला होता. मी चार ओळी लिहिल्या होत्या, तू सांगितल्यास तशाच. आठ दिवस टेबलावर होत्या. मग मी त्या काढल्या.

माझी निवड झाली. अभिनंदन करू नकोस.

अंक अबूयांना वाचून दाखवू नकोस. नाव आलंय एवढंच सांग. जमलं तर माया ठेव.

अतियात


किफ्त,
१५ जून १९८६

चि. अतियातीस,
अ. उ. आ.

तुझा अंक इथे येण्याआधी लक्सरला पोचला होता. साहेबांनी शाझलीला बोलावलं, चहा दिला आणि यंदा दुसरा रईस घेतल्याचं सांगितलं. त्याने कारण विचारलं तेव्हा तुझ्या लेखाचं पान पुढे केलं. त्यावर छापलेलं: खोदाईचे रईस तोहामी अब्दुल-जलील यांनी थरांतली मोडतोड वेळीच निदर्शनास आणली नाही. पोरगा इंग्रजी वाचतो. घरी आला आणि दोन दिवस आजोबांच्या समोर गेला नाही.

त्यांना काही सांगू नकोस, असं तू लिहिलंस. किती सोपं! पोस्टमनने गल्लीच्या टोकापासून ओरडून सांगितलं की डॉक्टरीणबाईंचं पुस्तक आलं. मी पोचेपर्यंत अबूया बाहेरच्या ओट्यावर अंक मांडीत घेऊन बसले होते आणि शेजारची पाच-सहा म्हातारी माणसं भोवती. म्हणाले, कनावी, तू साहेबांबरोबर राहून इंग्रजी शिकलास, वाच.

मी काय करायला हवं होतं? तूच सांग. मी वाचलं. चुली आपल्या आईच्या आहेत असं रईस तोहामींनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, चूक माझी आहे. डोळे छापलेल्या ओळीवर आणि तोंडात ही ओळ. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, माझं नाव कुठल्या जागी आहे? मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं, अतियात. त्याच ओळीवर. किती वेळ त्यांनी ते उचललं नाही. आजवर उम्मीच्या मयतीतही न रडलेला माणूस सगळ्यांदेखत रडला. नंतर घरोघरी सरबत वाटलं. शाझलीनेही वाटलं. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहितो. टोपल्यांच्या दिवसाचं त्यांच्या मनात काही उरलेलं नाही. तू हसलीस ते घाबरून हसलीस, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. सगळ्या जगासमोर आपली चूक मान्य करणारी लेक हजारात एखाद्याच्या नशिबी येते, असं ते सगळ्यांना सांगत फिरतात. पुढच्या गुरुवारी मेंढा कापणार आहेत. तू यायचंस. त्या चार ओळी त्यांना आता तुझ्या तोंडून ऐकायच्या आहेत, सगळ्या गावासमोर.

हा निरोप अबूयांचा. माझ्याकडून काही नाही.

कनावी