जेट्टीवर गेलीय, काका

२६ नोव्हेंबर, बुधवार
कॉलेजला गेले नाही. आईने डबा भरला होता. साडेसातला तिनेच तो उघडला आणि पोळ्या परत टोपलीत ठेवल्या.

गावाच्या कमानीवर फ्लेक्स लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली, कु. मानसी. फोटो दहावीच्या निरोप समारंभातला. त्यात मी शेजारी होते. मला कापलंय, पण तिच्या खांद्यावरचा माझा हात तसाच राहिलाय. खाली तिच्या काकांचा फोटो, तिच्या फोटोपेक्षा मोठा, गॉगल लावलेला.

पोलिसांनी अकस्मात मृत्यू लिहिला. गुरुवारी, वीस तारखेला, संध्याकाळी सहाच्या सुमारास सारसोळे जेट्टीवर पाय घसरला, खाडीच्या पाण्यात पडली, बुडाली. शुक्रवारी सकाळी तिवरांत सापडली. डोक्याला मार होता, तो म्हणे दगडाचा.

मानसीला पोहता येत होतं. कुणी विचारलंच नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
ओंकार आणि निकिता, शाळेपासूनचे आमचे दोस्त, आले होते. जुईनगर स्टेशनबाहेर उभं राहून बोललो, घरी नको म्हणाले. घर म्हणजे आमची भाड्याची खोली, आणि बिल्डिंग मानसीच्या काकांची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते चौथ्यावर.

निकिता सरळ म्हणाली, खून आहे. तिने वहीत मुद्दे लिहून आणले होते. मानसीला ऑक्टोबरमध्ये अठरा पूर्ण झाली. तिचे वडील गेल्यापासून, सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट अडकून पडलाय, कारण त्यात तिचं नाव. काकांना तिथे टॉवर बांधायचाय. हक्कसोडीवर सही करायला एकवीस तारखेला तिला रजिस्ट्रार ऑफिसला नेणार होते.

हे सगळं मला माहीत होतं. त्यांच्या घरात मुली सही देतातच. आत्यांनी दिली, आजीने अंगठा दिला, बदल्यात साडी-चोळी. मानसी म्हणायची, "साडी मी नेसत नाही, मग सही कशाला फुकट घालवू?" आम्ही हसायचो. काकू साडी घेऊनही आल्या होत्या, मोरपिशी. तिने मला फोटो पाठवला होता.

ओंकार करावे गावचा, त्याचे वडील अजून होडी काढतात. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, आपण नीट शोधू, पुरावा काढू." कसं शोधणार ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
दहावा. खाडीच्या काठावर कावळा लवकर शिवला. बायका म्हणाल्या, पोरीचं काही राहिलं नव्हतं.

मानसीच्या आईने माझा हात धरून विचारलं, "तुला काय बोलली का गं ती? शेवटचं?" मी नाही म्हटलं. लहानपणी पप्पा मार्केटातून आले की मला समोर बसवून दिवसभरात काय काय केलं ते विचारायचे, आणि एक गोष्ट जरी गाळली तरी त्यांना कळायचं. शाळेत जायच्या आधी मी तेवढंच शिकले होते. आज एका आईच्या तोंडावर खोटं बोलले आणि कुणालाही कळलं नाही.

तिथेच काका चार माणसांना सांगत होते, "मला तं सकालीच समजलं ना, पोर जेट्टीवर गेली व्हती ते. आधी म्हाईत असतं तं धावत गेलो असतो."

मी तिथून निघून आले.

१ डिसेंबर, सोमवार
लिहून काढते. नाहीतर हेही मी उद्या बदलेन.

२० तारीख. मानसी चार वाजता आमच्याकडे आली. चहा घेतला नाही. म्हणाली, काका सहीसाठी मागे लागलेत, घरात बसवत नाही, जेट्टीवर जाऊन बसते. "फोन आला तर सांग तुझ्याकडे आहे, आंघोळीला गेलीय, काहीही सांग." मी हो म्हटलं.

पाच चाळीसला काकांचा फोन. आमच्या घरात घरमालकाचा फोन वाजू देत नाहीत, हातातलं टाकून उचलायचा. मी उचलला.
"सायली बाला, मानसी तिकरं हाय का?"
"नाही काका. जेट्टीवर गेलीय."

एवढंच. खोटं बोलायचं ठरलं होतं आणि तोंडातून खरं निघालं. त्यांनी दरडावलं नव्हतं, दुसऱ्यांदा विचारलंही नव्हतं.

त्या रात्री तो कॉल मी फोनमधून डिलीट केला.

म्हणजे ती कुठे आहे हे काकांना गुरुवारी पाच चाळीसला माहीत होतं. आणि ते सगळ्यांना सांगतात, शुक्रवारी सकाळी कळलं. हे खोटं आहे हे फक्त दोघांना माहीत आहे.

३ डिसेंबर, बुधवार
ओंकार मला पार्वतीबायकडे घेऊन गेला. म्हातारी जेट्टीजवळच्या चिखलात निवट्या आणि खेकडे धरते, चाळीस वर्षं. त्या दिवशी ताप होता म्हणून गेली नव्हती. पोलीस तिच्याकडे आलेच नाहीत.

ओंकारने विचारलं, संध्याकाळी सहाला पोरगी पाण्यात पडली म्हणतात. बायने पान थुंकलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की तू कोळ्याचा पोर कसला.

"आवस व्हती त्या दिशी. आवसेला पानी भर दुपारचा येतो. सांजंला सुकती. जेट्टीखाली निस्ता चिखोल. पानीच नाय, तं बुरली कशान?"

ओंकारचे कान लाल झाले. वडील होडीवर जातात, हा मोबाईलवर गेम खेळतो, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. पोलिसांच्याही नाही. आम्ही सगळे खाडीच्या काठी राहतो आणि पाणी कधी असतं ते आम्हाला माहीत नाही.

बाय म्हणाली, ऐकीव नको, बघा. जशी अमावस्या तशी पौर्णिमा. परवा या, सहाला.

५ डिसेंबर, शुक्रवार
तिघे गेलो. साडेपाचलाच पोचलो. सूर्य बुडत होता. फिरायला आलेले लोक बगळ्यांचे फोटो काढत होते.

पाणी नव्हतं. जेट्टीच्या शेवटच्या पायरीखाली चिखल, पार लांबपर्यंत, मधे एक बारीक ओहोळ. ओंकार चप्पल काढून उतरला. मांडीपर्यंत रुतला आणि तिथेच अडकला. दोघींनी ओढून काढला. दगड नव्हता. एकही नाही.

इथे पडली असती तर चिखलात बसून आम्हा सगळ्यांना शिव्या देत ओरडली असती. शंभर माणसांनी ऐकलं असतं. म्हणजे ती इथे बुडाली नाही. दुसरीकडे काहीतरी झालं, आणि मग मध्यरात्रीच्या भरतीत...

निकिता रडत होती, पण खूशही होती. पुरावा मिळाला म्हणाली. आता फक्त कुणीतरी हवा, जो सांगेल की काकांना ती कुठे आहे ते माहीत होतं.

तेव्हा मी सांगितलं.

निकिता म्हणाली, "तू पाठवलंस त्याला." ओंकार म्हणाला, तसं नको बोलू, त्याने तसंही शोधलंच असतं. निकिता म्हणाली, "असतं ना. पण नाही ना शोधावं लागलं." ती एकटीच चालत निघून गेली.

ओंकार पाय धुताना म्हणाला, कॉल डिलीट केला तरी कंपनीकडे राहतो, पोलिसांनी मागवला तर मिळतो. पण त्यांनी मागवायला आधी तू बोलायला हवं.

७ डिसेंबर, रविवार
काका घरी आले. चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर, पण इस्त्रीचे कपडे घालून. आईने चहा केला. पप्पा लुंगीवर होते, आत जाऊन पँट घालून आले.

आधी मार्केटच्या गप्पा. मग म्हणाले, ॲग्रीमेंट संपतंय ना पाव्हणं, काय घाई नाय, घरचीच मानसं तुमी. मग माझ्याकडे वळले. चहाचा कप तसाच हातात.

"बाला, त्या दिशी मी तुला फोन केलता काय गं? मना तं आठवतच नाय."

मी तोंड उघडलं. पप्पांनी उघडू दिलं नाही. "न्हाय न्हाय," ते म्हणाले, "हिला कशाला फोन करताय तुमी. ही क्लासला असती त्या टायमाला."

पप्पांना काही माहीत नव्हतं. मी घरी काहीच बोलले नव्हते. तरी किती पटकन बोलले. काका म्हणाले, तेच तं. चहा संपवून गेले.

दार लावल्यावर पप्पांनी विचारलं, केलता का फोन? मी हो म्हटलं. सगळं सांगितलं, काहीही न गाळता. ते भिंतीला टेकून खाली बसले. आई कप विसळत होती, तोच कप, पुन्हा पुन्हा.

पप्पा म्हणाले, "आपुन भाड्यानं राहतोय. खरं बोलायला सोताचं घर लागतं."

मी म्हटलं, मग लहानपणी का शिकवलंत?

मी असं बोलायला नको होतं. रोज पाठीवर पोती घेतात. त्यांच्या मानेवर घट्टा आहे, लहान असताना त्यावर मी बोट फिरवायचे.

८ डिसेंबर, सोमवार
पप्पा पहाटे कामावर गेले, मला न उठवता.

आई दुपारी म्हणाली, साताऱ्याला मामाकडं जाऊन ये पंधरा दिवस. मी म्हटलं, परत येईपर्यंत विसरेन म्हणून? ती म्हणाली, "न्हाय गं. तुला कोन काय करंल म्हनून." तिला माझ्यासाठी भीती वाटतेय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, भीती फक्त खोली जाण्याची आहे.

फ्लेक्स काढला. त्याच जागी आता काकांच्या वाढदिवसाचा.

९ डिसेंबर, मंगळवार
निकिताचा मेसेज. तिने आणि ओंकारने पोलिसांत अर्ज दिला, भरती-ओहोटीचा. साहेबांनी वाचला आणि हसले. म्हणाले, पोरांनो, अभ्यास करा, पाण्याचं काय सांगता येतं. पार्वतीबायला सोबत नेलं होतं. तिला बाहेर बसवलं, माशांचा वास येतो म्हणून.

शेवटी एकच ओळ: तू बोललीस तरच पुढे जाईल.

सॉरी नाही. मलाही नकोय. मी फोन उचलला, हेही जबाबात लिहावं लागेल. मानसीची आई ते वाचेल. कितीही वेळा मनात लिहिलं तरी ती ओळ माझीच राहते. काकांनी काय केलं ते सिद्ध होईल न होईल, मी काय केलं ते माझ्याच सहीने सिद्ध होणार.

आणि समजा काकांनी काही केलंच नसेल? गेले, ती भेटली नाही, परत आले, आणि घाबरून खोटं बोलले? असंही असू शकतं. मी जे पाहिलं नाही ते सांगणार नाही. पाच चाळीस, त्यांचा प्रश्न, माझं उत्तर. तेवढंच.

११ डिसेंबर, गुरुवार
पोलीस स्टेशन. बाकावर बसून लिहितेय, अकाउंट्सच्या वहीच्या मागच्या पानावर.

साडेदहाला आले. आधी मानसीच्या आईकडे गेले होते. तिला कागदावरून कळायला नको म्हणून. दारातच सांगितलं, उभ्यानेच. ती म्हणाली, "बस, जेवून जा." मला समजलं नाही. मी जेवले. तिने वाढलं, पण स्वतः पानाला हात लावला नाही.

इथे मॅडम आहेत एक, हवालदार. ओंकारला हसणारे साहेब नव्हेत. सगळं ऐकून घेतलं. पाच चाळीसला दोनदा थांबवलं, नंबर विचारला, लिहून घेतला. मग वय विचारलं. जानेवारीत अठरा पूर्ण होतील, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.
"मग पालक लागतील. वडिलांना बोलाव."

आईला बोलावते म्हटलं. म्हणाल्या, कुणीही चालेल, पण आज. उद्या त्यांची ड्युटी बदलतेय.

आईचा फोन घरीच राहिला असणार, तिने उचलला नाही. दोनदा केला. मग पप्पांना केला. मार्केटचा गलका, कुणीतरी "बाजू, बाजू" ओरडत होतं. मी सांगितलं मी कुठे आहे आणि काय हवंय. सही हवीय, पप्पा, तुमची.

मागचा गलका हळूहळू कमी झाला, म्हणजे ते कुठेतरी बाजूला चालत गेले असावेत.

"तितंच बस," म्हणाले. "येतो मी."

येतात ते सही करायला की मला घरी न्यायला, आवाजावरून कळलं नाही. पाऊण तास झाला. मॅडम जबाबाचा कागद माझ्यासमोर ठेवून चहाला गेल्यात. माझी सही झालीय. खाली एक जागा रिकामी आहे.