टिनाखालची गाडी

प्रिय हरिदास,

हे पत्र रक्षाला वाचून दाखवायला सांगू नकोस. तुझी लेक चांगली वाचते, पण हे तू स्वतः वाच. वेळ लागला तर लागू दे. रोज सकाळी वर्तमानपत्रातला एक रकाना तू एकटा वाचतोस असं ती सांगत होती, म्हणून सोपं लिहितो आहे. फोन करता आला असता. पण फोनवर मी बोलत राहतो आणि तुला मधे थांबवता येत नाही. तुला लकवा झाल्यापासून आपलं बोलणं असंच चाललं आहे, आणि मला ते सोयीचं होतं. आज जे सांगायचं आहे ते त्या सोयीने सांगू नये एवढं मला कळतं. पत्र बाजूला ठेवता येतं. फाडताही येतं.

वर्ध्यात ऊन वाढलं आहे. माझ्या पेपरांचे गठ्ठे तपासून झाले. सेलूला आता फक्त सही करायला जातो, तेही एसटीने. बसस्टँडवर उभं राहिलं की लोक विचारतात, सर, तुमचा रेडा कुठं गेला? आठवतं ना, ते नाव पानठेल्यावर पडलं होतं. आपण दोघांनी एकाच दिवशी त्या गाड्या घेतल्या, तुझी काळी, माझी चंदेरी. मॅक्सी-स्कूटर हा शब्द शोरूमवाल्याने आपल्याला शिकवला. रुंद तोंड, लांबलचक सीट, पाय पुढे पसरून बसायची सोय. अख्ख्या गावात तशा दोनच. तू केळझरच्या शाळेत, मी सेलूच्या कॉलेजात; सकाळी दोन्ही रेडे बरोबर निघायचे. पवनारचा पूल आला की तू पुढे काढायचास आणि मागे न पाहता हात हलवायचास. सेलूला मी थांबलो की तू पण क्षणभर थांबून म्हणायचास, मास्तर, तुहा रेडा कन्हते गा, त्याले दमा झाला, जरा ऑइल पाजत जा. दसऱ्याला सगळे जण गाड्यांना हार घालायचे. तू दोन्ही गाड्यांचं ऑइल बदलायचास आणि मग आपण दीक्षाभूमीला निघायचो. तुझ्या पांढऱ्या शर्टावर दर वर्षी ऑइलचा डाग पडायचा आणि दीपमालावहिनी मागे बसून नागपूरपर्यंत तुझ्याशी बोलायच्या नाहीत.

पुढे कंपनीने ती गाडीच बंद केली. काही वर्षांनी सुटे भागही मिळेनासे झाले. तू हसायचास. म्हणायचास, बरं झालं, आता हे आपल्यासंगंच म्हातारे होतील. मी मात्र दर दिवाळीला नवी घ्यायची ठरवायचो. शोरूममध्ये जायचो, मोठ्या स्कूटरवर बसून पाहायचो, किंमत विचारायचो. मागच्या वेळेपेक्षा ती वाढलेली असायची. विकणारा पोरगा म्हणायचा, सर, आत्ताच घेऊन टाका, पुढं अजून वाढन. मी उठून यायचो. परवडत नव्हती असं सांगितलं तर ते अर्धं खरं होईल. कर्ज काढून घेता आली असती. पण जुनी गाडी चालवत राहण्यात मला एक मान मिळू लागला होता. स्टाफरूममध्ये लोक म्हणायचे, सरांनी वस्तू जपली. मी वर्गातही बोलायचो. धडा कुठलाही असो, वस्तू टाकून देण्याच्या सवयीवर मी पाच मिनिटं बोलायचो. पोरं माना डोलवायची. गाडी बाहेर झाडाखाली उभी असायची, पुरावा म्हणून.

तू शाळेच्या व्हरांड्यात पडलास त्या दिवशी तुझी गाडी मीच केळझरहून घरी आणली होती. तुला नागपूरला हलवलं. पुढे रक्षाच्या घरीच ठेवायचं ठरलं. वहिनी कपडे न्यायला आल्या तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, भाऊजी, आठोड्यातून एकदा चालू करून पाहत जा. घरी आले अन् गाडी बंद दिसली तर त्याईचं मन खचन. मी म्हणालो, काळजी करू नका वहिनी. तुमच्या घरामागच्या अंगणात टिनाखाली गाडी उभी केली, तिच्यावर ताडपत्री घातली. दर रविवारी जाऊ लागलो. ताडपत्री काढायची, सेल्फ मारायचा, थोडा वेळ चालू ठेवायची, टायरमधली हवा पाहायची. पहिले काही महिने मी हे नीट केलं. ते खरं आहे. त्याचं श्रेय मागत नाही, क्रम कळावा म्हणून लिहितो.

मग पावसाळ्यात माझ्या गाडीचा बेल्ट तुटला. आर्वी नाक्याजवळचा चिंधू मिस्त्री, त्याला तू ओळखतोस, त्याने हात वर केले. नागपूरच्या भंगार बाजारातही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सेलूला जायचं होतं. तुझी गाडी तर उभीच होती. मी बेल्ट काढून आणला. तुझी गाडी चालवायला घेता आली असती, तसं विचारलं असतं तर तू नाही म्हणाला नसतास. पण विचारावं लागलं असतं. बेल्ट नसला तरी इंजिन सुरू होतं, चाक फिरत नाही इतकंच. उभ्या गाडीला चाक फिरवून काय करायचं आहे, असं मी मनाशी म्हणालो. दुसरा मिळाला की परत लावीन, असंही म्हणालो.

बेल्टनंतर पुढच्या ब्रेकचा कॅलिपर. मग सेल्फची मोटर. मग कार्ब्युरेटर. हरिदास, कार्ब्युरेटर काढायला मला अख्खी दुपार लागली. एक बोल्ट अडला होता. मी त्याला तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा पाना लावला. तेवढ्या वेळात थांबता आलं असतं. तो काढल्यावर तुझी गाडी सुरू होण्याचा प्रश्नच संपला, आणि माझा रविवारचा नेम मात्र तसाच राहिला. वहिनी नागपूरहून आलेल्या असल्या की चहा घेऊन मागच्या दारापर्यंत यायच्या. मी हात पुसत पुढे जायचो, त्यांना टिनापर्यंत येऊ द्यायचो नाही. एकदा म्हणाल्या, तुमी हाये म्हणून गाडी जित्ती हाय भाऊजी. मी चहा प्यालो. चिंधूने विचारलं होतं, काऊन सर, एकीचं पोट फाडून दुसरीले जेवू घालून राह्यले का? कोणाची हाय थे? मी म्हणालो, भंगारातली. तो हसला. मीही हसलो.

आता तो फोनचा दिवस. तुला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी रक्षाला सांगितलं होतं की बाबांना जुन्या ओळखीचे आवाज ऐकवा. तिने मला फोन केला. काका, रविवारी बाबांची गाडी चालू करता तेव्हा फोन इंजिनाजवळ धराल का? मी हो म्हणालो. आणि माझ्याच अंगणात, माझी गाडी चालू करून फोन धरला. एक्सिलरेटर दिला, सोडला, पुन्हा दिला. मग तुझा आवाज आला. माही. एवढंच म्हणालास. पडल्यापासूनचा तुझा पहिला धड शब्द. मागे वहिनींचं रडणं, रक्षाचं ओरडणं, काका ऐकलं का, बाबा बोलले. मी ऐकलं. मी गाडी बंद केली आणि तिच्या शेजारी अंगणातच बसलो. त्यानंतर किती तरी रविवार तुला तो आवाज ऐकवला. तू गाडीवर बसायचं म्हणून पाय उचलायला शिकतो आहेस, असं वहिनी कौतुकाने सांगायच्या. ज्याने तुझी गाडी उघडली तोच पाना हातात घेऊन मी हे ऐकलेलं आहे.

काठी घेऊन तू जिना उतरलास हे कळलं, त्याच आठवड्यात मी माझी गाडी उघडली. जे जे तुझं होतं ते काढलं आणि चिंधूला टिनाखाली नेऊन त्याच्याकडून तुझ्या गाडीत परत बसवून घेतलं. त्याने गाडीची नंबरप्लेट पाहिली, मग मागच्या दाराकडे पाहिलं. ही भंगारातली नाही हे त्याला कळलं, मजुरी मात्र त्याने रोजचीच घेतली. तुझी गाडी सुरू झाली. काचेखालचा किलोमीटरचा आकडा मी केळझरहून आणली त्या दिवशीचाच आहे. पण बेल्ट घासला आहे, ब्रेकचे पॅड संपत आले आहेत, मोटर दमली आहे. ते सगळे भाग वर्धा–सेलू किती वेळा जाऊन आले आहेत हे आकड्यात दिसत नाही. नुसती पाहून ती कोणालाही जपलेलीच वाटेल. माझी आता सांगाडा आहे. मला वाटलं, संपलं. तू येशील, ताडपत्री काढशील, कोणाला काही कळणार नाही. हे पत्र लिहायचं माझ्या मनात नव्हतं.

पण वहिनींनी मला बसस्टँडवर पाहिलं. त्या नागपूरच्या गाडीतून उतरल्या, मी सेलूच्या गाडीसाठी उभा होतो. म्हणाल्या, भाऊजी, तुमची गाडी? मी म्हणालो, बंद पडली, भाग मिळत नाहीत. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, अन् आमची चालू ठेवली. मी सेलूच्या गाडीत चढलो. त्यांनी तुला जाऊन काय सांगितलं असेल ते मला नंतर रक्षाकडून कळलं. स्वतःची गाडी मोडली तरी अमरभाऊजींनी आपल्या गाडीला हात लावला नाही, असं.

परवा रक्षाचा फोन आला, त्यासाठी हे लिहितो आहे. डॉक्टरांनी तुला सांगितलं की उजव्या हातात आता एवढा जोर येणार नाही, गाडी चालवायची नाही. तू दोन दिवस जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालास, अमऱ्याले देऊन टाक. माझ्या नावावर करायची, सही तूच करायची, अंगठा द्यायचा नाही असा हट्ट धरलास. ती म्हणाली, काका, बाबा पंधरवड्यापासून सही गिरवून राह्यले, हरिदासमधला ह जमला आता. तिला वाटलं मला आनंद होईल. हरिदास, माझ्यासाठी तो हात शिणवू नकोस. भाग चोरले हे तर आहेच, पण त्याहून वाईट ते आहे जे बेल्ट काढताना मी मनात म्हणालो आणि कार्ब्युरेटर काढताना पक्कं केलं. तू परत येणार नाहीस असं मी धरून चाललो होतो. तू श्वास घेत होतास, पाय हलवायला शिकत होतास, आणि इकडे मी तुझं सामान वाटून घेत होतो, एकटाच. लोक मेल्यावर करतात ते मी तू जिवंत असताना केलं. वहिनींना यातलं काही माहीत नाही. त्यांना तू सांग किंवा सांगू नकोस. सही जमली की बँकेत कर, शाळेच्या पेन्शनच्या कागदावर कर, रक्षाच्या पोराच्या वहीवर कर. या गाडीच्या कागदावर माझ्यासाठी करू नकोस. तू रविवारी घरी येतो आहेस असं कळलं. मी येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, आणि तुला जे बोलायचं असेल ते तुझ्या वेगाने बोल. एकेका शब्दाला कितीही वेळ लागला तरी या वेळी मी मधे बोलणार नाही.

तुझाच, निदान हे वाचून होईपर्यंत,
अमर